रिकाम्या तलावातला वैशाख

वैशाख लागला की आमच्या गावच्या तलावाचं पाणी पाळीपासून, म्हणजे मातीच्या बांधापासून, हळूहळू मागे सरकतं आणि सकाळच्या वाऱ्याबरोबर ओल्या गाळाचा वास अंगणात येतो. शेवाळ, कुजलेली कमळाची पानं, उघडे पडलेले शिंपले आणि तापत चाललेली माती, या सगळ्यांचा मिळून तो वास. बाहेरच्या माणसाला तो आवडायचा नाही. मला मात्र तो आला की चहाचा कप ओट्यावर ठेवून नुसतं बसून राहावंसं वाटतं. यंदाही परवा आला. नलिनी, माझी बायको, अंगणात खाटेवर लाखोरीच्या डाळीच्या वड्या घालत होती. तिने मान वर केली, एक श्वास घेतला आणि पुन्हा वड्या घालू लागली. तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा दोघांच्याही मनात येऊन गेला असणार.

त्या वर्षी तलाव पुरता रिकामा झाला होता. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळपासून आत, जंगलाच्या कडेला. तलाव जुना, कोणी बांधला ते सांगणारं आता कोणी नाही. त्याचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायची जी दगडी मोरी असते तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. त्या तुडुमाचे दगड हलले होते आणि पाणी नको तेव्हा झिरपत होतं. ते नव्याने बसवायचे आणि त्याच निमित्ताने गाळही काढायचा, असं ठरलं. होळीनंतर पाणी सोडून दिलं. आधी आठवडाभर मासेच मासे होते. मग बगळे आले, चिखलात पाय उचलून उचलून चालणारे. मग तेही गेले आणि चिखलाला भेगा पडू लागल्या.

मी साठी ओलांडली होती, जन्म याच गावात गेला, पण तलावाचा तळ कधी पाहिला नव्हता. लहानपणापासून मला वाटायचं की खाली थाळीसारखं सपाट असेल. तसं नव्हतं. मधून एक नाला वळणं घेत गेला होता. तलाव व्हायच्या आधी तो इथून वाहत असणार. पाण्याखाली इतकी वर्षं राहूनही त्याने आपली वाट सोडली नव्हती. त्या वाटेने चालताना डोक्यावरून दोन पुरुष पाणी गेल्याचा भास व्हायचा. वर पाळीवर मोहाची आणि कहूची झाडं, त्यांच्या मुळांना पहिल्यांदाच इतकं ऊन लागलेलं. ट्रॅक्टर गाळ भरून शेतांकडे जायचे आणि त्यांच्या चाकांमागे काळी, मऊ माती सांडत राहायची. बायका ती मूठभर उचलून तुळशीला घालायच्या.

माझी नोकरी पाणीपुरवठ्यातली. रोज एसटीने भंडाऱ्याला अप-डाऊन केलं. रस्त्यावर डांबराचा थर चढला की खालच्या व्हॉल्व्हची झाकणं दिसेनाशी होतात. ती शोधायला आमच्याकडे एक यंत्र होतं. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. जमिनीखाली धातू आला की ते बोलतं. वीस-बावीस वर्षं मी ते वापरलं. निवृत्त झाल्यावर तसलंच एक जुनं यंत्र नागपुरातून घेऊन आलो. नलिनी म्हणाली होती, आता घरात कोणता व्हॉल्व्ह शोधणार आहात? हातांना सवय आहे, असं मी सांगितलं. यंत्राचा आवाज मी फक्त उजव्या कानाने ऐकतो. डावा कान त्या उन्हाळ्याच्या पस्तीस वर्षं आधी याच तलावात गेला होता.

ती गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. माझ्या मायने नलिनीच्या गळ्यात स्वतःची एकदाणी घातली होती, सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ. मायला ती तिच्या मायने दिलेली. एका सकाळी नलिनी धुणं घेऊन तलावावर गेली आणि मोकळ्या गळ्याने रडत परत आली. दोरा तुटून एकदाणी पाण्यात गेली म्हणाली. त्याच सकाळी माझी धाकटी बहीण मंगला नर्सिंगच्या शिक्षणासाठी नागपूरला निघून गेली होती, त्यामुळे घर आधीच सुनं होतं. त्यात हे. मी सुखदेवला बोलावलं. सुखदेव माझ्याच वयाचा, तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातला, बुडी मारण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. आम्ही दोघांनी चार दिवस धुण्याच्या दगडाभोवती बुड्या मारल्या. दिवस थंडीचे होते. पाणी खाली काळं आणि इतकं गार की डोक्यात कळ जायची. तिसऱ्या दिवशी डाव्या कानात ठणका सुरू झाला. मी लसणाचं कोमट तेल घातलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा उतरलो. एकदाणी मिळाली नाही. कान आठ दिवस वाहिला आणि मग शांत झाला, तो कायमचा.

मायने नलिनीवर हात उचलला नाही की तिला घालवूनही दिलं नाही. पण लग्नाकार्यात बायका नटूनथटून बसल्या की ती हसत हसत म्हणायची, "आमच्या एकदानीसंग मासे खेळून राहिले." सगळ्या हसायच्या. पुढे पुढे नलिनीला 'सोनं पेरनारी' असं नावच पडलं. तीही हसायची. मायला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते नाव राहिलं.

म्हणून तलावाचा तळ वाळून पाय ठरायला लागला तेव्हा मी यंत्र काढलं. ती माळ नलिनीच्या हातात ठेवायची आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, एवढंच मनात होतं. नलिनी नको म्हणत राहिली. ऊन लागेल, गाळात पाय रुतेल, आता मला दागिन्याची कसली हौस. मला वाटलं, माझी काळजी करते आहे.

धुण्याच्या दगडाभोवती मी बांबूच्या खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या आणि चौकोन पाडले. सकाळी सहाला उतरायचं, दहाला वर यायचं. एकेक चौकोन, थाळी जमिनीला जवळजवळ टेकवून, डावीकडून उजवीकडे आणि परत. यंत्राचं बोलणं ओळखायला शिकावं लागतं. लोखंडाला ते खरखरतं, पितळेला आवाज भरदार येतो. सोन्याला आणि शिशाला मात्र जवळजवळ एकच, मऊ आणि गोल. आणि तलावाच्या तळाशी शिसं फार. जाळ्याच्या कडेला ज्या शिशाच्या गोळ्या बांधतात त्या पिढ्यान् पिढ्या तुटून पडलेल्या. दर थोड्या वेळाने तो मऊ आवाज यायचा, मी गुडघ्यावर बसून खुरपीने माती उकरायचो आणि हातात काळी गोळी यायची.

सुखदेव दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर येऊन बसू लागला. त्याच्या डोक्याचे केस पांढरे झाले होते, गुडघे धरले होते, पण दात शाबूत. गोळ्या आमच्याच आहेत म्हणायचा आणि एकेक उचलून खिशात टाकायचा. ही आमच्या बाच्या जाळ्याची, ही त्याच्याही आधीची, असं सांगायचा. खरं असेलच असं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. इतरही पुष्कळ सापडलं. कमळाचं चित्र असलेलं वीस पैशांचं पितळी नाणं. भोकाचा पैसा. सायकलची घंटी, जी धुतल्यावर एकदा वाजली. विळ्याचं पातं. कोणाचा तरी भंडाऱ्याच्या घडणीचा पितळी गडवा, पोटाशी चेपलेला. एक जोडवं तर धनी शोधत वर गेलं आणि एका म्हाताऱ्या बाईने ते हातात घेताच ओळखलं. त्याची जोडीदारीण तिने इतकी वर्षं डब्यात जपून ठेवली होती. ती तिथेच पाळीवर बसली आणि दोन्ही जोडवी पायात घालून घरी गेली.

ते दिवस सुखाचे होते. उन्हाआधीचा गार वारा, भेगांतून उगवलेलं कोवळं गवत, सुखदेवच्या गोष्टी, साडेआठला नलिनी घेऊन यायची ती भाकर आणि जवसाची चटणी. ती डबा ठेवून लगेच निघून जायची. सुखदेवशी ती फारसं बोलत नसे. ते मला तेव्हा खटकलं नाही.

सातव्या दिवशी धुण्याच्या दगडाजवळचे सगळे चौकोन संपले. मी दोऱ्या पुढे सरकवल्या. पाळीवर बसून पाहणारी मंडळी आता वाढली होती आणि त्यांना कंटाळाही आला होता. त्यांच्यातून बोलणं सुरू झालं. सोनं कुजत नाही, वाहून जायला ही काही नदी नव्हे, मग गेलं कुठे? त्या वेळी खाली कोण उतरलं होतं? आणि पुढल्याच वर्षी सुखदेवच्या घरावर गवताच्या जागी कवेलू चढले, ते कसे? आताही तो रोज यंत्राजवळ बसतो आणि निघेल ते खिशात टाकतो, ते का? हे कोणी ओरडून म्हटलं नाही. गप्पांतून, हसण्यातून ते पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि आठव्या दिवशी सुखदेव आला नाही.

इथे मला एक कबूल करायचं आहे. त्या दुपारी मी खाटेवर पडून सुखदेवने उचललेल्या गोळ्या आठवत होतो. एखादी उचलताना त्याने मूठ लवकर मिटली होती का? पस्तीस वर्षांपूर्वी, चौथ्या दिवशी, तो माझ्याआधी पाण्याबाहेर आला होता, तो का? माझ्याबरोबर त्या गार पाण्यात उतरलेल्या माणसाबद्दल मी असा विचार केला. तास-दोन तास केला. मग नलिनीने विचारलं, सुखदेवभाऊ आज काहून नाही आले? मी तिला पाळीवरचं सगळं बोलणं सांगितलं. माझा विचारही सांगितला. ती उठून आत गेली.

नवव्या दिवशी ती डबा घेऊन आली आणि परत गेली नाही. दोरीच्या बाहेर उभी राहिली. मी हेडफोन काढला.

"एकदानी इथं नाई हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, मी थकलो आहे म्हणून समजावते आहे. आणखी पाच हात जागा राहिली आहे, असं मी म्हणालो.

"पाच हात काय, सारा तलाव खोदला तरी नाई भेटनार. ते मी मंगलाले देल्ली होती."

मग तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मंगलाची नर्सिंगला निवड झाली होती. आमचे वडील म्हणाले होते, घरातून एक पैसा जाणार नसेल तर जा. मंगलाने सांगून टाकलं की सगळं सरकार देतं. पण प्रवेशाला आणि राहायला पैसे लागणार होते आणि तिच्याजवळ काहीच नव्हतं. त्या सकाळी नलिनी धुण्याची बादली घेऊन निघाली ती आधी एसटीच्या थांब्यावर गेली. तिथे तिने गळ्यातली माळ काढून मंगलाच्या पिशवीत टाकली. मग तलावावर येऊन धुणं धुतलं आणि रडत घरी आली. रडणं खरं होतं म्हणाली. घाबरून आलं होतं.

"मंग मले काहून नाई सांगतलं?" मी विचारलं.

"सांगनारच होती. मंगलाचं नाव तिथं पक्कं झालं का सांगून देईन, असं वाटलं. तं तिसऱ्या दिवशी तुमचा कान दुखाले लागला. मंग कोन्या तोंडानं सांगू?"

"कान गेला ना माझा, नलू."

"हो," ती म्हणाली. एवढंच. सफाई दिली नाही, डोळेही खाली घातले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्यावर होतं तवरक मी आयकून घेतलं. आता सुखदेवभाऊवर आलं. ते नाई आयकल्या जात."

मी यंत्र तिथेच ठेवलं आणि नाल्याच्या त्या जुन्या वाटेने चालत तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. कहूच्या झाडाखाली बसलो. राग आला होता. सोन्याचा नव्हे. ते काळं पाणी आठवत होतं, डोक्यातली कळ, नाकातोंडात गेलेला चिखल. काठावर उभी राहून ती ते पाहत होती आणि तिला ठाऊक होतं. हे मला गिळता येत नव्हतं. मग तितक्याच स्पष्टपणे दुसरं आठवलं. मंगलाच्या लग्नात मायने ते माशांचं वाक्य म्हटलं तेव्हा मीही हसलो होतो. माझ्या बाजूनेही एक वाक्य जोडलं होतं. मंगला तेव्हा उठून आत गेली होती. लाजली, असं मी समजलो होतो. पस्तीस वर्षांत मी मायला एकदाही म्हटलं नाही की आता पुरे. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथे बसलो. राग गेला असं नाही. पण तो एकट्या तिच्यावर राहिला नाही.

परत आलो तेव्हा नलिनी तिथे नव्हती. कोणीतरी सांगितलं, सुखदेवच्या घराकडे गेली. मीही गेलो. ती त्याच्या ओसरीत खाली बसली होती, तो खाटेवर, हातात अर्धवट विणलेलं जाळं. तिने सांगून टाकलं होतं. त्याने मला पाहिलं आणि जाळं बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता तो बोलेल आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. त्याने नलिनीला एकच विचारलं.

"बाई, हे लोकाइले सांगसान, का माझ्याजवळच ठेवू?"

"उद्या सकाडी पाळीवर सांगतो," ती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. गाळ न्यायला ट्रॅक्टर लागले होते, रोजची मंडळी बसली होती. ती पाळीवर उभी राहिली आणि जेवढं मला सांगितलं होतं तेवढंच, त्याच क्रमाने सांगितलं. माझ्या कानाचंही. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि सुखदेव समोर. जे फार बोलले होते त्यांच्यातला एक जण उठून सुखदेवला तंबाखू द्यायला गेला. सुखदेवने ती घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घेतली.

मी मंगलाला फोन केला. ती पहिल्या बसने भंडाऱ्याहून आली. केस पांढरे झालेली, वॉर्डातल्या मुली जिला घाबरतात अशी सिस्टर, आमच्या दारात चप्पल काढताना पुन्हा एकोणीस वर्षांची दिसत होती. नोकरी लागल्यावर तिने एक नवी एकदाणी घडवून आणली होती, हे त्या दिवशी कळलं. नलिनीने ती तेव्हा घेतली नव्हती. ही कुठून आली म्हणून घरात काय सांगू, असं विचारलं होतं. मंगला माझ्याजवळ येऊन बसली. दरवर्षी राखीला सांगायचं ठरवत होती म्हणाली, आणि दरवर्षी वहिनीने डोळ्यांनी थांबवलं. मी तिच्याशी जेवण होईपर्यंत बोललो नाही. जेवणानंतर तिने पिशवीतून बॅटरी काढली, न विचारता माझं डोकं वळवलं आणि डाव्या कानात पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग बॅटरी विझवून मला धरून रडली. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिलो. तिने किती बाळंतिणी सोडवल्या असतील, किती लोकांचे ताप उतरवले असतील, ते सगळं त्या माळेतून आलं होतं. हे मला कळत होतं. कान दुखला तेव्हाचं दुखणंही आठवत होतं. दोन्ही एकाच वेळी मनात राहू शकतात.

मायला सांगायचं राहून गेलं. ते आमच्या तिघांनाही लागतं आणि त्याला आता उपाय नाही.

त्यानंतर मी आणखी काही दिवस यंत्र घेऊन खाली उतरलो, लोकांच्या वस्तूंसाठी. सुखदेव पुन्हा येऊन बसू लागला. पहिल्या दिवशी मी त्याला म्हणालो की मीही तुझ्यावर संशय घेतला होता, तास-दोन तास. त्याने मान हलवली. ठाऊक आहे म्हणाला. आठव्या दिवशी मी आलो नाही आणि तू बोलवायला आला नाहीस, तेव्हाच समजलं, असं तो म्हणाला. मग त्याने यंत्राच्या थाळीकडे बोट दाखवलं, पुढे चालव म्हणून.

तुडुमाचं काम जूनच्या आधी संपलं. नवे दगड जुन्यांशेजारी फार पांढरे दिसायचे. मृग कोरडा गेला, मग एका आठवड्यात तलाव निम्मा भरला. धुण्याचा दगड बुडाला, माझ्या खुंट्यांची भोकं बुडाली, नाल्याची वाट बुडाली. बेडूक इतके ओरडत की मलाही दोन्ही कानांनी ऐकू येतं आहे असं वाटावं.

श्रावण लागायच्या आधी एका सकाळी सुखदेव दाराशी आला. सगळा तलाव उपसल्यामुळे त्या वर्षी माशांचं बी बाहेरून आणलं होतं आणि आज ते सोडायचं होतं. ढिवरांच्या घरातली वडीलधारी बाई पहिली पिशवी सोडते, अशी त्यांची रीत. तो नलिनीला म्हणाला, "बाई, यंदा पह्यली पिशवी तुमी सोडा."

ती गोंधळली. आपला काय मान, असं काहीतरी पुटपुटली.

"तुमी बोलल्या म्हनून मी पाळीवर येऊन राहिलो," सुखदेव म्हणाला. "चाला."

आम्ही गेलो. त्यांच्या घरच्या बायका आधीच पाण्यात उभ्या होत्या. फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत नखाएवढे मासे, हजारोंनी, धुक्यासारखे. पिशवी लगेच उघडायची नसते. ती बंदच तलावात तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत, नाहीतर मासे मरतात. सुखदेवने तिला ते समजावलं. नलिनी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी पिशवी धरून उभी राहिली. बायका बोलत होत्या, कोणीतरी तिला जागा करून दिली. बऱ्याच वेळाने सुखदेवने मान हलवली. तिने गाठ सोडली आणि पिशवीचं तोंड पाण्याखाली धरलं. मासे आधी बाहेर येईनात. तोंडाशीच घुटमळले. मग एक गेला, मग पाच-सहा, आणि मग सगळेच एका झोताने सुटले आणि गढूळ पाण्यात दिसेनासे झाले. नलिनी रिकामी पिशवी हातात घेऊन ते गेले त्या दिशेला पाहत उभी होती. आकाश भरून आलं होतं, घरी जायला हवं होतं, पण मी तिला हाक मारली नाही.